तुमच्या सहा सुधारणा, माझी अकरा जॉब कार्डं

प्रति,
ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिन विभागप्रमुख, विक्री विभागप्रमुख,
आणि त्यांच्या वर्कशॉपांत जॉब कार्डं लिहिणारे सर्व

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात मुंबई-आग्रा रोडवरच्या एका लॉन्सवर तुमच्यापैकी एका कंपनीचा ग्राहक मेळावा झाला. मीही गेलो होतो. दाराशी फेटा बांधला, गुलाबाचं फूल दिलं, जिलबी गरम होती, खोटं कशाला बोलू. मंडपात नवी दहा टायर उभी, तिच्या बोनेटपासून आरशांपर्यंत झेंडूच्या माळा. आधी एसी केबिनचं कौतुक झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, त्यामुळे त्यात कंपनीचं औदार्य किती आणि सरकारचा हुकूम किती, हे मागच्या रांगेतल्या ड्रायव्हरांनाही ठाऊक होतं. मग पडद्यावर इंजिनाची स्लाइड आली. 'तेच यशस्वी इंजिन, आता आणखी सुधारित.' खाली सहा सुधारणा.

मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. ईजीआर कुलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, बदलला, आतल्या नळ्या जाड केल्या. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरच्या वायरिंगवर उष्णता अडवणारी नळी आणि नवी क्लिप. धूर स्वच्छ करायला त्यात युरिया फवारणाऱ्या नोझलची जागा सरकवली. उरलेल्या तीन सुधारणा ॲव्हरेज आणि आवाजाच्या होत्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पहिल्या तीन वाचल्या आणि हातातली जिलबी हातातच राहिली. कारण या तिन्ही गोष्टी माझ्याकडे आधीच लिहिलेल्या होत्या. तक्रार म्हणून. २०२१ मध्ये घेतलेल्या माझ्या गाडीच्या अकरा जॉब कार्डांवर, तुमच्याच वर्कशॉपच्या शिक्क्यासह. माझ्या कार्डांवर कारणाच्या रकान्यात मात्र 'डिझेल खराब', 'डुप्लिकेट युरिया' आणि चार ठिकाणी 'ड्रायव्हरची चूक' असं लिहिलेलं आहे.

मेळाव्यानंतर मी वर्कशॉपला अर्ज केला की तो नवा कुलर आणि ती नवी वायरिंग माझ्या गाडीला बसवून द्या. आठ दिवसांनी फोन आला. 'तुमच्या चासी नंबरला लागू नाही.'

म्हणून हे पत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही. भितो म्हणून नाही. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर चहा पिताना चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकांना विचारलं, तर प्रत्येकाची गोष्ट तीच निघाली, फक्त जाळीवरचा लोगो वेगळा. एकाला झोडून बाकीचे सुटतील, तसं व्हायला नको.

मी कोण, ते सांगतो. वडील ड्रायव्हर होते. मी १९९१ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, मग ड्रायव्हर झालो, मग कर्ज काढून मालक. आज तीन गाड्या आहेत, दोन माझ्या आणि एक बँकेची. ही २०२१ ची, तीच बँकेची. महिन्याच्या ५ तारखेला ६८ हजार हप्ता जातो, गाडी फिरो वा न फिरो.

इंजिन ही वस्तू नाशिककराला परकी नाही. सातपूरच्या मायकोत डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, पण आमचं मायको सर्कल मायकोच राहिलं. इगतपुरीत महिंद्रांची इंजिनं बनतात. माझे थोरले मेहुणे मायकोत नोझलच्या सुईवर काम करून रिटायर झाले. सुई आणि तिच्या घरातली फट दोन-चार मायक्रॉनची, असं ते सांगायचे. 'तुझ्या डोक्यावरच्या केसाचे वीस उभे चिरे केलेस तर त्यातला एक.' तेव्हा मला डोक्यावर केस होते.

सांगायचा मुद्दा हा की इंजिन का बदलावं लागतं, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. टर्मिनलवरचे बरेच जण म्हणतात, जुनं चांगलं चालत होतं, स्पेअर विकायला म्हणून बदललं. मी त्यांच्याशी वाद घालतो. तुमच्या बाजूने घालतो, साहेब.

धुराचा नियम आहे. सुप्रीम कोर्टाने २९ मार्च २०१७ ला निकाल दिला आणि तीन दिवसांत बीएस-३, म्हणजे धुराच्या 'भारत स्टेज' नियमाच्या तिसऱ्या पायरीच्या, गाड्यांची विक्री बंद झाली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४. मधला बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. युरोपातल्या ट्रकना युरो-४ पासून युरो-६ पर्यंत यायला सात-आठ वर्षं मिळाली, तुम्हाला तीन. जड इंजिनाच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम होती, ती ०.४६ वर आली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर. मग १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा, ज्यात गाडीनेच आपल्या धुरावर सतत नजर ठेवायची. एवढं सगळं जुन्या पंप-नोझलच्या इंजिनाला झेपणारं नव्हतं, हे मान्य.

मग वजन. जुलै २०१८ मध्ये सरकारने ॲक्सलवरचा भार वाढवला. मागच्या चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले. जास्त भार ओढायचा तर ताकद जास्त, आणि गिऱ्हाईकाला ॲव्हरेज मात्र तेच हवं. तो गिऱ्हाईक मीच.

आणि यश हेसुद्धा एक कारण असतं, याचा विचार फार कोणी करत नाही. इंजिन चाललं की त्याच्यावर ओझं चढवलं जातं. टाटांचं ६९७ घ्या. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ६९७. ५,६७५ सीसी. वडिलांनी तेच चालवलं. त्याच अंगावर पुढे टर्बो आला, मग इंटरकूलर आला. कमिन्सचं ५.९ लिटरचं बी-सिरीज असंच गाजलं आणि वाढत वाढत ६.७ लिटरवर गेलं. बोअर १०२ चा १०७ झाला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२० चा १२४. भरवशाच्या बैलाच्याच मानेवर जास्त जू, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण प्रत्येक वाढीला कुठली तरी भिंत पातळ होते, कुठला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. त्यातून नवं दुखणं येतं, मग पुन्हा सुधारणा.

शिवाय आधी कुणालाच खात्री नसते की कुठला रस्ता बरोबर. २०१७ मध्ये बीएस-४ साठी बहुतेकांनी मोठ्या ट्रकना युरियाची टाकी लावली, आणि अशोक लेलँड युरिया न घेता ईजीआरच्या रस्त्याने गेलं, म्हणजे जळका धूर थंड करून परत इंजिनात सोडायचा. बीएस-६ ला मोठ्या ट्रकना युरिया सगळ्यांनाच घ्यावा लागला. नियम एक, देश एक, डाव वेगवेगळे.

माझा पुतण्या ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करतो. त्याने मला अमेरिकेतली दोन प्रकरणं शोधून दाखवली. फोर्डच्या पिकअपमध्ये १९९४ पासून नेव्हिस्टारने बनवलेलं ७.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं. लोक अजून शोधून शोधून ते घेतात. धुराचे आणि आवाजाचे नियम आले म्हणून २००३ मध्ये त्याच्या जागी ६.० लिटरचं आणलं. त्याचा ऑइल कुलर तुंबायचा, त्यामुळे ईजीआर कुलर तापून फाटायचा, मग हेड गॅस्केट उडायचं. त्या पिकअपमधून काही वर्षांत ते गेलं, ६.४ आलं. तेही तीन मॉडेल-वर्षं टिकलं. शेवटी २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचं ६.७ बसवलं. ईजीआर कुलर फाटणं वाचून मला, काय सांगू, घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसरं प्रकरण त्याच नेव्हिस्टारचं. २०१० च्या नियमाला सगळ्यांनी युरिया घेतला, यांनी नुसत्या ईजीआरवर पैज लावली. पैज हरली. जुलै २०१२ मध्ये त्यांनी रस्ता बदलल्याचं जाहीर केलं आणि कमिन्सची मदत घेतली. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही कंपनीची असू शकते. पुढचं ऐका. ज्यांनी मधल्या काळात, २०११ ते २०१४ मॉडेलचे ते ट्रक घेतले होते, ते कोर्टात गेले आणि १३.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. इंजिन बदललं म्हणून मागचा हिशोब मिटला नाही. पहिल्या लॉटच्या गिऱ्हाईकांना काहीतरी द्यावं लागलं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. इंजिन बदला, खुशाल बदला. पण ज्याच्या गाडीवर तुम्ही ते शिकलात त्याला 'लागू नाही' म्हणू नका.

आता कसारा घाटातली रात्र सांगतो.

जुलै २०२२. ड्रायव्हर गावी गेलेला म्हणून मीच होतो. भिवंडीहून प्लास्टिक दाण्याच्या गोण्या, साधारण अठरा टन, सिन्नरच्या एमआयडीसीत टाकायच्या. रात्री दीडच्या सुमारास घाट लागला. पाऊस, त्यावर धुकं, पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दहा हातांवरून दिसेनात. अर्ध्या चढणीला पिवळी लाइट लागली आणि गाडीने पिकअप सोडला. एक्सलेटर तळाला टेकवला तरी काही नाही. नियमच तसा आहे, धुराच्या यंत्रणेतल्या मोठ्या बिघाडावर कॉम्प्युटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, पाव हिश्शाने कापतो, आणि मालकाने दुरुस्ती टाळली तर पुढे गाडी ताशी २० किलोमीटरवर रांगते. हेतू चांगला आहे, धूर ओकत कोणी फिरू नये. पण अठरा टन माल, वळण, पाऊस आणि मागे ट्रेलर, तिथे पाव हिस्सा जातो तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. गाडी पहिल्या गिअरवर आली. मागचा ट्रेलरवाला हॉर्न थांबवेना. क्लीनर, एकोणीस वर्षांचं पोर, खाली उतरलं आणि डोक्याएवढा दगड दोन्ही हातांत धरून मागच्या चाकाबरोबर चालत राहिलं. गाडी मागे सरकलीच तर चाकाखाली घालायला. वरची सपाटी येईपर्यंत तो तसा चालला. आरशात मला फक्त त्याचा डोक्यावर घेतलेला बारदान दिसत होता.

वर्कशॉपने गाडी तीन दिवस ठेवली. लॅपटॉप लावला, बिघाडाचा कोड पुसला, युरियाची टाकी रिकामी करून धुतली, त्याचं बिल घेतलं. कारण: डुप्लिकेट युरिया. मी पेट्रोल पंपावरच्या मशीनचा युरिया भरतो, पावत्या फाइलला आहेत. दाखवल्या. सुपरवायझर म्हणाला, 'सिस्टिम असंच दाखवते.' बावीस दिवसांनी तीच लाइट पुन्हा.

खरं कारण आमच्या चाचांनी शोधलं. चाचा म्हणजे आडगाव नाक्याजवळचे मिस्त्री, चाळीस वर्षं इंजिन खोलतायत, लॅपटॉप नाही. ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले आणि पाच मिनिटांत हाक मारली. सेन्सरची वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकत होती. क्लिप सैल, वायर लोंबलेली, वरचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं. खड्डा आला की वायर पाइपाला शिवायची आणि कॉम्प्युटरला वाटायचं, धूर बिघडला. चाचांनी वायर जोडून काचतंतूची नळी चढवली, जीआय तारेने बांधली. ४०० रुपये घेतले. ती लाइट आजतागायत लागलेली नाही.

तरी याला मी चूक म्हणत नाही. टेस्ट ट्रॅकवर कांद्याच्या मोसमातली पिंपळगावची रांग कुठून आणणार? तिथे गाडी चार-चार तास चालू-बंद उभी राहते. धूर तापत नाही, आणि तो साधारण दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय युरिया नीट काम करत नाही, नोझलच्या तोंडाशी मिठासारखे पांढरे खडे धरतात. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर खणलेले रस्ते तुमच्या इंजिनियरने गृहीत धरले नसतील. नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास फुगडी खेळून लगेच घाट चढायचा, हेही नसेल धरलं. ईजीआर कुलरमध्ये एका बाजूला पाच-सहाशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला नव्वद अंशांचं पाणी, मधे कागदासारखा पत्रा. तो कुठे आणि कधी फाटेल, हे रस्त्यावर आल्याशिवाय पुरतं कळत नसणार. ठीक. माझी तक्रार कळल्यानंतरच्या वागण्याची आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये चाचांच्या गॅरेजवर माझी गाडी आणि मालेगावच्या एकाची गाडी शेजारी शेजारी लागली होती. मॉडेल तेच, फक्त त्याची २०२३ ची. चाचांनी मला खाली बोलावलं. बॅटरीचा झोत आधी त्याच्या वायरिंगवर टाकला, मग माझ्या. त्याच्या वायरवर कंपनीचीच रुपेरी नळी, दुहेरी क्लिप, पाइपापासून चार बोटं लांब. माझ्यावर चाचांची जीआय तार. वायरिंगवरची चिठ्ठी पुसून वाचली तर पार्ट नंबर तोच, शेवटचं अक्षर तेवढं बदललेलं. माझ्यावर ए, त्याच्यावर सी. म्हणजे मधे एक बी पण होऊन गेला!

त्या अक्षरावर मी पुष्कळ विचार केला. ए चं बी करायला कोणीतरी बैठक घेतली असेल. परत आलेल्या तक्रारी मोजल्या असतील, नवं चित्र काढलं असेल, सप्लायरला ऑर्डर गेली असेल. म्हणजे २०२३ पर्यंत तुमच्या कचेरीत हे नक्की माहीत होतं. आणि फेब्रुवारी २०२४ ला दुसऱ्या एका कोडसाठी गाडी नेली, तेव्हाही कार्डावर लिहिलं गेलं: वायरिंगमध्ये बाहेरच्या मेकॅनिकने छेडछाड केली, वॉरंटी नाही. वॉरंटी संपायला वीस दिवस होते.

आता तक्रारी क्रमाने मांडतो. पहिली हीच. दोष तुम्हाला कळतो, पुढच्या लॉटमध्ये तुम्ही तो गुपचूप काढता, आणि मागच्या लॉटच्या मालकाला एक ओळ कळवत नाही. नवीन गाडीत सुधारणा म्हणून मिरवता, ती जुन्या गाडीतल्या दोषाची कबुलीच असते.

दुसरी, ड्रायव्हरची चूक. माझा ड्रायव्हर चौदा वर्षं माझ्याकडे आहे. कार्डावर चारदा त्याची चूक लिहिल्यावर मीही एकदा त्याला बोललो. पगारातून तीन हजार कापले. ते पैसे मी नंतर परत केले, बोललेलं कसं परत घेऊ? रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून तुमचा पोरगा ते लिहितो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. इथे एका माणसाचं नाव खराब होतं.

तिसरी, कुलर. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पाणी कमी व्हायला लागलं. रोज लिटरभर घालायचं आणि खाली थेंब नाही. वर्कशॉप म्हणालं, रेडिएटरचं झाकण बदला. बदललं. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. तीही बदलली. शेवटी चाचांनी कुलर काढला, दोन्ही तोंडं रबर लावून बंद केली, कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि टपात बुडवला. मधल्या सांध्यातून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे. नवा कुलर, गॅस्केट, कुलंट, मजुरी मिळून ५८ हजार गेले आणि पार्टची वाट बघण्यात सतरा दिवस. तो नवा म्हणजे जुन्याच जातीचा. वर्षभरात तोही फुटला. आज गाडी परत चाचांकडे उभी आहे, आणि ज्याच्या नळ्या जाड केल्यात तो कुलर तुमच्या गोडाऊनमध्ये आहे, पण माझ्या चासी नंबरला लागू नाही. ब्रॅकेट वेगळं आहे म्हणे. ब्रॅकेट! इथल्या अंबड एमआयडीसीत अशी ब्रॅकेटं दिवसाला हजारांनी निघतात.

चौथी लहान आहे. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर फक्त तुमच्याकडे. चाचांसारखा माणूस, जो तुमच्या आधी दोष शोधतो, त्याला कोडसुद्धा वाचता येत नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना याच प्रकारासाठी, सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल, मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला होता. ते कारवाल्यांचं होतं. ट्रकवाल्यांनी काय घोडं मारलंय? ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण तिथून माझ्या इंजिनाची कोड वाचायची सोय काही चाचांच्या हातात आलेली नाही.

मागण्या सांगतो. कुठलीही अवाच्या सवा नाही.

इंजिनाचा किंवा धुराच्या यंत्रणेचा कुठलाही भाग दोष दिसला म्हणून बदललात, तर कोणत्या चासी नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत जुना भाग आहे, याची यादी मराठीत, वर्कशॉपच्या फळ्यावर लावा. अक्षर ए चं बी झालं की कारण एका ओळीत लिहा.

ज्यांनी त्याच दोषाची तक्रार जॉब कार्डावर नोंदवली आहे, त्यांना सुधारित भाग फुकट बसवून द्या. ज्यांनी आधीच पदरचे पैसे घातले त्यांना परत करा. ब्रॅकेट लागत असेल तर ब्रॅकेटसह.

'ड्रायव्हरची चूक' लिहायचं असेल तर कॉम्प्युटरमधली नोंद छापून कार्डाला टाचा. गाडी माझी, हप्ता माझा, तर तिच्या डोक्यातली नोंदही मला बघायला मिळाली पाहिजे.

बंद केलेल्या इंजिनाचे भाग निदान पंधरा वर्षं मिळतील असं लेखी द्या. ट्रक चार वर्षांत बदलायला तो मोबाइल नाही.

बाहेरच्या मिस्त्रींना कोड वाचायचं यंत्र परवडेल अशा किमतीत द्या, आणि वर्षातून दोन दिवस शिकवा. शिकवायला येणाऱ्या इंजिनियरने दुसऱ्या दिवशी चाचांकडून शिकावं, ही विनंती, मागणी नाही.

एक ओळ परिवहन मंत्रालयासाठी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. दोष असलेली गाडी परत बोलावून दुरुस्त करून देणं, बदलून देणं किंवा पैसे परत करणं त्यात आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, दंड एक कोटीपर्यंत. दोष ड्रायव्हरला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय करणारा हवा. खोट्या कोडमुळे भर घाटात गाडीची ताकद जाणं हा तसा दोष आहे, असं स्पष्ट लिहून द्या. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यावर घाट टाळता येतो, हे मला माहीत आहे. टोल परवडला की आम्हीही टाळतो. सगळी भाडी तेवढी देत नाहीत.

तुमच्या मेळाव्यात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने शेवटी विचारलं होतं, 'काही प्रश्न?' मी हात वर केला होता. तिने हसून लकी ड्रॉ जाहीर केला. मला भिंतीवरचं घड्याळ लागलं. चालतं आहे.

तर, गाडी आडगावला चाचांच्या गॅरेजवर आहे. कुलर काढून बाकावर ठेवलाय, अकरा जॉब कार्डांची फाइल चाचांच्या गल्ल्यात आहे, वायरिंगवरची ए अक्षराची चिठ्ठी मी फाटू दिलेली नाही. फोटोसह तक्रारीचा कागद तुमच्या वर्कशॉपला पोच घेऊन दिलाय, त्यावर गाडीचा नंबर आहे. गॅरेज शुक्रवारी दुपारी नमाजाला तासभर बंद असतं, बाकी रोज सकाळी नऊपासून. तुमचा इंजिनियर पाठवा. टप आणि पाणी आमच्याकडे आहे.

आपला,
२०२१ च्या लॉटचा एक गाडीमालक
आडगाव, नाशिक